दहा किलोमीटर आणि अर्धमॅरेथॉन: दोन वेळांची तुलना कशी करावी?

पहाटपाऊल:
माझी ५ किलोमीटरची वेळ २४ मिनिटे, सपाट रस्त्यावरील १० किलोमीटरची ५० मिनिटे आणि सातारा हिल हाफ मॅरेथॉनची १ तास ५६ मिनिटे आहे. अंतर वाढले की वेग उतरणारच, हे मान्य आहे. परंतु तो किती उतरावा याचा काही ठोकताळा आहे का? ग्रुपमधील जाणकारांच्या मते मी छोट्या पल्ल्याचा धावक असून जानेवारीत मुंबईला पूर्ण मॅरेथॉन धावण्याचा हट्ट मी सोडावा.

आकडेमोड:
ठोकताळा आहे. पीटर रीगल या अमेरिकी अभियंत्याने १९७७ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार शर्यतीची वेळ अंतराच्या १.०६ व्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे अंतर दुप्पट झाले की वेळ सुमारे २.०८५ पट होते. तुमच्या २४ मिनिटांवरून १० किलोमीटरसाठी ५० मिनिटे २ सेकंद येतात, तेव्हा तिथपर्यंत तुमचे गणित चोख आहे. अर्धमॅरेथॉनसाठी मात्र १ तास ५० मिनिटे १९ सेकंद येतात आणि तिथे तुम्ही पावणेसहा मिनिटांनी मागे पडलेले दिसता.

तरीही हा घातांक प्रत्येकाला जसाच्या तसा लावू नये. युगांडाचे धावक जोशुआ चेप्टेगेई यांनी २०२० मध्ये १०,००० मीटर विश्वविक्रमी २६:११.०० मध्ये पूर्ण केले, आणि त्या वेळेला हे सूत्र लावले तर मॅरेथॉनसाठी २:००:२७ मिळतात. केनियाचे केल्विन किप्टम यांनी २०२३ मध्ये शिकागोत नोंदवलेली मॅरेथॉनची विश्वविक्रमी वेळ २:००:३५ होती, म्हणजे फरक अवघा आठ सेकंदांचा. पण स्वतः चेप्टेगेई त्याच वर्षी व्हॅलेन्सियात पहिली मॅरेथॉन धावले, तेव्हा त्यांना २:०८:५९ लागले. सूत्र दोन वेगवेगळ्या धावकांच्या विक्रमांना बरोबर बसले आणि ज्याच्या वेळेवरून गणित मांडले, त्यालाच बसले नाही.

घाटवाट:
गणित ठीक, पण साताऱ्याची वेळ त्यात घालताच कशी आली? त्या शर्यतीत आधी यवतेश्वरचा घाट चढायचा असतो आणि मग तोच उतरायचा असतो. चढावर गमावलेला वेळ उतारावर पूर्ण भरून निघत नाही. उलट, उतरताना पाय सतत ब्रेक लावत असल्यामुळे मांड्या भरून येतात आणि शेवटचा सपाट भागही जड जातो. सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर ५० मिनिटांत धावणाऱ्याने तिथे १:५६ नोंदवणे ही माझ्या मते चांगलीच कामगिरी आहे, त्यामुळे त्या जाणकारांचे म्हणणे मला पटत नाही.

बीड जिल्ह्याच्या अविनाश साबळे यांचेच पाहा. त्यांची ३,००० मीटर स्टीपलचेसची ८:०९.९१ ही वेळ २८ अडथळे आणि ७ पाणउड्यांसह आहे. ती सूत्रात घालून ५,००० मीटरचा अंदाज कोणी बांधत नाही. परंतु २०२३ मधील त्यांच्या ५,००० मीटरच्या १३:१९.३० वरून अर्धमॅरेथॉनसाठी साधारण ६१:१७ येतात, आणि दिल्लीत २०२० मध्येच ते ६०:३० धावले होते. ज्यांना आपण अडथळ्यांच्या शर्यतीचे धावक म्हणून ओळखतो, ते या हिशेबाने लांब पल्ल्यात सरस ठरतात. (दोन्ही वेळांत अडीच वर्षांचे अंतर आहे, हेही ध्यानात ठेवावे.)

पहाटपाऊल:
घाटाचा मुद्दा पटला. मग मुंबईसाठी कोणती वेळ धरावी?

आकडेमोड:
घाटवाट यांचे बरोबर आहे. घाटाची वेळ बाजूला ठेवल्यास तुमचा कल ठरवण्यासाठी एखादी सपाट अर्धमॅरेथॉन धावणे आवश्यक आहे. तुमच्या १० किलोमीटरवरून मॅरेथॉनसाठी बरोबर ३ तास ५० मिनिटे येतात, पण तो आकडा आशावादी समजावा. दहा किलोमीटरमध्ये शरीरातील ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंत व यकृतात साठवलेल्या साखरेचा, साठा संपण्याचा प्रश्न येत नाही. मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरनंतर बहुतेकांना तोच नडतो, आणि त्याची तयारी आठवड्याच्या एकूण किलोमीटरवर व रविवारच्या लांब धावेवर अवलंबून असते. त्या दोन्ही गोष्टी सूत्राला दिसत नाहीत. शिवाय मुंबईत परतीचा पेडर रोडचा चढ नेमका शेवटच्या टप्प्यात येतो आणि तोवर ऊनही वर आलेले असते. सपाट अर्धमॅरेथॉन १:५१ च्या आसपास आली, तरी पहिले वीस किलोमीटर ४ तासांच्या हिशेबाने, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटे ४१ सेकंदांनी धावावेत.