मदत हवी आहे: इंग्लिशमधले सारख्या उच्चाराचे शब्द मुलीला कसे समजावू?

नमस्कार मंडळी,

मुलगी सहावीत आहे, सेमी इंग्लिश. सध्या शाळेत होमोफोन्स चालू आहेत, म्हणजे उच्चार सेम पण स्पेलिंग आणि अर्थ वेगळा. रात्रीचा नाइट आणि चिलखत घालून घोड्यावर बसणारा नाइट, हे पाठ झालंय. घोळ पुढेच आहे. तिच्या गाइडमध्ये प्रत्येक शब्दापुढे देवनागरीत उच्चार दिलाय आणि ती तोच वाचून स्वतःच जोड्या लावत सुटलीये, उशिराचं लेटर आणि पत्राचं लेटर, चवीचं टेस्ट आणि परीक्षेचं टेस्ट, तारखेचं डेट आणि कर्जाचं डेट.. अगं हे वेगळे आहेत म्हटलं तर गाइड उघडून दाखवते, बघ आई सेमच आहे. आणि खरंच सेम छापलंय! कहर म्हणजे वेस्ट. कंबर वेस्ट, वाया घालवणं वेस्ट, पश्चिम वेस्ट आणि बनियनपण वेस्ट.

तर यातले खरे होमोफोन्स कुठले आणि आपल्या लिहिण्यामुळे झालेले कुठले, हे तिला कसं सांगायचं? प्लीज याद्या नकोत, व्हॉट्सॅपवर ढिगाने आल्यात.

---

ताई, गाइडमधले उच्चार झाकून ठेवा आधी. इंग्लिशमध्ये ए दोन प्रकारचा आहे आणि आपण दोघांना एकच मात्रा देतो. पत्र, परीक्षा, कर्ज, पश्चिम यातला ए आखूड, पटकन संपतो. उशीर, चव, तारीख, कंबर यातला ए शेवटी इ कडे घसरतो, लेइटर, टेइस्ट, डेइट असा. म्हणजे तुमच्या वेस्टमध्ये कंबर आणि वाया ही एवढीच खरी जोडी. पश्चिम आणि बनियनचा ए सारखाच आहे पण सुरुवात वेगळी, बनियनला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, पश्चिमेला ओठांचा चंबू होतो आणि दात कुठेच लागत नाहीत. आरशासमोर करून घ्या, पोरांना मजा येते. मग सेल विचारा तिला. दुकानातला सेल आणि जहाजाच्या शिडाचा सेल ही एक जोडी, विकण्याचा सेल आणि बॅटरीचा सेल ही दुसरी, या दोन जोड्यांचं आपसात जुळत नाही.

---

वरच्यांना +१. आमच्या बेळगावात कन्नड शाळेतल्या पोरांना हे लवकर पटतं असं आपलं माझं मत, कारण कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए ला अक्षरंच वेगळी आहेत. मराठीत ती सोय नाही.

---

स्पेलिंग का वेगळं याची गोष्टपण सांगा, नुसतं घोकून कंटाळा येतो. घोड्यावरच्या नाइटमधला के पूर्वी खरोखर बोलायचे, आणि दोन्ही नाइटमधला जी-एच घशातून ख सारखा काढायचे. कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला, मग छापून छापून स्पेलिंग हळूहळू घट्ट झालं आणि लोकांचं बोलणं मात्र पुढेही बदलतच राहिलं. समुद्राचं सी आणि बघण्याचं सी आधी वेगळे ऐकू यायचे, म्हणून एकात ई-ए आणि एकात ई-ई. (मला शाळेत हे कुणी सांगितलं असतं तर इंग्लिशचा तास झोपेत गेला नसता.)

---

सगळ्यांना थँक्यू! आरशाचा प्रकार आजच केला, वेस्टवरून घरात नुसता हशा, सासूबाईपण चंबू करून बघत होत्या. पण दोन्ही देअर (तिथे आणि त्यांचं) आणि दोन्ही हिअर (इथे आणि ऐकणं) तर खरेच सेम आहेत ना, तिथे कान काय करणार?

---

तिथे डोळे वापरायचे. ऐकण्याच्या हिअरमध्ये कान लपलाय, ई-ए-आर. आणि 'तिथे'वाल्या देअरमधला पहिला टी काढला की 'इथे'वालं हिअर उरतं. 'त्यांचं'वालं देअर तेवढं वेगळं पाठ करावं लागेल. आणि एक, दोन्ही शब्द एकाच दिवशी शिकवू नका, एक पक्का झाला की मगच दुसरा काढा, नाहीतर दोन्हीत कायमचा गोंधळ.

---

पण डिक्टेशनला टीचर नुसता शब्द सांगतात हो, वाक्य नाही. मग?

---

मग तिने हात वर करून वाक्यात वापरून सांगा म्हणायचं, बिनधास्त. अमेरिकेतल्या त्या मोठ्या स्पेलिंग बी स्पर्धेतसुद्धा मुलं शब्दाचा अर्थ आणि वाक्य विचारून घेतात, नियमातच आहे ते.