शास्त्रीय कारणे द्या! (शाळेतल्या विज्ञानाच्या पेपराचे किस्से)

मीठभाकर
लेकीची आठवीची सहामाही सुरू आहे, उद्या विज्ञान. मघाशी जेवताना शाळेच्या पांढऱ्या शर्टावर वरण सांडलं. साबण चोळला तर डाग लालभडक! ही ओरडली, "आई, हळद! दर्शक!" मला एकदम माझी १९९४ची आठवी आठवली. 'हळद आम्लारीत लाल होते' हे घोकत होते, आणि रोज दगडावर धुणं धुताना तेच दिसत होतं. साबण आम्लारीधर्मी, ही गाठ काही पडली नाही. पेपरात उलटंच लिहून आले. तुमचेही येऊ द्या.

गवतीचहा
तानापिहिनिपाजा. बाकी सगळं विसरले.

बाकावरचा
आकृत्या! अमीबाला ठरावीक आकारच नाही, म्हणून मी तोच निवडायचो. तरी अर्धा मार्क गेला. छद्मपाद झकास काढला, नाव द्यायचं राहिलं.

निशाचर
प्रश्न : ताक पितळेच्या भांड्यात ठेवू नये. शास्त्रीय कारण द्या.
माझं उत्तर : ताक कळकतं. (आजी सांगायची.)
सरांचा शेरा : बरोबर आहे, पण शास्त्रीय लिही.
ताकातल्या लॅक्टिक आम्लाची पितळेतल्या तांब्याशी क्रिया होऊन विषारी क्षार होतात, हे त्या शेऱ्यामुळे जन्मभर लक्षात राहिलं. दोनपैकी एक मार्क मिळाला, तो आजीचा.

गवतीचहा
कळकतं!! किती वर्षांनी वाचला हा शब्द. आमच्या दारात कल्हईवाला बसायचा. भाता, नवसागराचा तो धूर, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवलं की पातेलं आतून चांदीसारखं. पुण्यात अजून कोणी करतं का? दोन पातेली पडून आहेत.

बाकावरचा
कसब्यात तांबट आळीत विचारा.

घाईत
कुकर लावलाय, थोडक्यात लिहिते. 'धातू स्थायू असतात' लिहून पुढे 'अपवाद पारा' लिहिलं नाही की आमच्या बाई पूर्ण मार्क कापायच्या. अजून थर्मामीटर पाहिला की अपवाद आठवतो. तीन शिट्ट्या झाल्या, पळते.

निशाचर
मीठभाकर, पेपर कसा गेला?

मीठभाकर
आली आत्ता. हळद आलीच नाही, लिटमस आला! चिडलीय. काल रात्री त्या लाल डागावर लिंबू पिळून बघितलं तिनं, पुन्हा पिवळा. आता शर्टाला हळद आणि लिंबू दोन्हीचा वास.

घाईत
उन्हात वाळवा, हळद उडते.

गवतीचहा
तांबट आळी रविवारी उघडी असते का?