मदत हवी आहे : अडतिसाव्या वर्षी प्लंबिंग शिकायचंय

नमस्कार मंडळी. मी जळगावचा. 14 वर्षं एका डाळमिलमध्ये हिशोबाचं काम केलं. दिवाळीनंतर मिल बंद झाली. वय 38, घरी आई, बायको, दोन मुलं.

गेले तीन महिने आमच्या गल्लीतल्या प्लंबर मिस्तरींच्या हाताखाली जातोय आणि काम मनापासून आवडतंय. सीपीव्हीसीचा (पाण्याच्या लाइनचा प्लास्टिक) पाइप सरळ कापायचा, कडेची कूस काढायची, पाइपला आणि फिटिंगला सोल्युशन (चिकटवायचा द्रव) लावायचं, आत ढकलून पाव फेरा फिरवायचं आणि धरून ठेवायचं. पहिल्या वेळी मी लगेच हात सोडला, पाइप किंचित मागे सरकला आणि पाणी चालू करताच एल्बोतून (कोपऱ्याच्या जोडातून) थेंब सुरू. तेव्हापासून मनात तीस मोजल्याशिवाय हात सोडत नाही.

अडचण अशी, की मिस्तरी जोडकाम शिकवतात, पण नवीन घराची लाइन आखणं, सांडपाण्याचा उतार, टाकीपासूनचं प्रेशर हे सगळं त्यांच्या डोक्यात. विचारलं की म्हणतात, ‘बघत रहा भाऊ.’

आयटीआयचा प्लंबर ट्रेड एक वर्षाचा आहे, पण रोज दिवसभर हजेरी म्हणजे वर्षभर मजुरी बुडणार. धुळे, नंदुरबार, भुसावळकडच्या कोणी मोठ्या वयात हा कोर्स केलाय का? सोबत शिकणारे किती टिकले? की दोन वर्षं मिस्तरींकडेच काढू? आणि स्वतःची हत्यारं घ्यायची तर पाइप रेंचनंतर आधी काय घ्यावं? अनुभव असलेल्या दादांनी, ताईंनी जरूर सांगा.