जपानी-मराठी बाळाचं नाव: हारुतो ठेवावं का?

तोक्योची_सातारकर: नवरा जपानी, मी साताऱ्याची. पुढच्या महिन्यात बाळ येतंय, मुलगा आहे (इथे डॉक्टर सांगतात). सासऱ्यांना ‘हारुतो’ आवडलंय. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "हरतो? जन्माआधीच?" नाव चांगलं आहे का? दुसरं काही सुचवा.

कांजीवेडा: नाव उत्तम आहे, तिकडे कित्येक वर्षं लोकप्रिय आहे. पण नुसत्या ‘हारुतो’ला एकच असा अर्थ नाही, तो कांजीवर, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या चिन्हांवर, ठरतो. ‘सूर्य’ आणि ‘भरारी’ ही चिन्हं सध्या फार चालतात. पहिलं चिन्ह बदललं की अर्थही बदलतो. उलट ‘मोठा’ आणि ‘भरारी’ ही जोडी कुणी हारुतो वाचतं, कुणी हिरोतो, कुणी यामातो. त्यामुळे शाळेत पहिल्या दिवशी बाई विचारणारच.

पुणेरी_आत्या: अगं, आजी आयुष्यभर ‘हरतो’च म्हणणार. ‘रेन’ ठेव. एकच कांजी, अर्थ कमळ, आणि सातारा-तोक्यो दोन्हीकडे उच्चार सोपा. ‘काई’ (समुद्र) मात्र नको, इथे शेवाळ होईल.

कांजीवेडा: रेनला माझंही मत. फक्त सासऱ्यांना आधी विचारा, जुन्या पिढीतल्या काहींना कमळ म्हटलं की थेट बुद्धमंदिर आठवतं. शिवाय ते कांजीतल्या रेघा मोजतील. आपल्याकडे नावरस अक्षर पाहतात, तसं तिकडे काहीजण आडनाव आणि नावाच्या रेघांवरून शुभाशुभ पाहतात. रेनच्या कांजीत 13 रेघा आहेत.

तोक्योची_सातारकर: मोजतीलच हो! वही तयार आहे त्यांची. कांजी टाळून काताकानात, म्हणजे नुसत्या उच्चाराच्या लिपीत, लिहिलं तर?

ओसाकावासी: चालतं, ताई. कोसेकीत, म्हणजे त्यांच्या कुटुंबनोंदीत, हिरागाना (तीही उच्चाराचीच लिपी), काताकाना किंवा ठरलेल्या यादीतली कांजी चालते, रोमन अक्षरं नाहीत. जन्माची नोंद 14 दिवसांत करायची असते, तेव्हा भांडण आत्ताच उरका. मे 2025 पासून कोसेकीत उच्चारही नोंदवतात. कांजीशी अजिबात संबंध नसलेला उच्चार दिलात तर कचेरी अडवू शकते. अर्थावरूनही अडवलेलं आहे. 1993 मध्ये अकिशिमा शहरात एका बापाने मुलाचं नाव ‘आकुमा’, म्हणजे सैतान, ठेवलं, तर प्रकरण कोर्टात गेलं होतं.

पुणेरी_आत्या: बाई गं! त्यापेक्षा ‘हरतो’ परवडला.

तोक्योची_सातारकर: आज रात्री सासऱ्यांपुढे रेन मांडते. वहीत काय निघतं ते कळवेन.