मिनी प्रोजेक्टरने भिंतीवर वारली उतरवतोय, रेघा सरकतात. तातडीने मदत हवी आहे

रेघोट्या: गेरूच्या भिंतीवर १० फूट रुंद वारली ट्रेस करतोय. चहा पिऊन परत आलो की चित्र बोटभर डावीकडे! तीनदा झालं. स्टँडला कुणाचा हात लागलेला नाही. रविवारी रंग लावायचाय.

कंदील: भिंतीपासून अंतर? थ्रो (अंतर भागिले चित्राची रुंदी)? लेन्स सरळ की तिरकी?

चौकटराव: प्रोजेक्टर हवाच कशाला? फूटफूट चौकटी आखा. वारली म्हणजे त्रिकोण आणि गोल.

रेघोट्या: तारप्याच्या फेऱ्यात ६० माणसं आहेत, चौकटी नकोत. अंतर ८ फूट, थ्रो १.३, उजेड १५० अँसी लुमेन. स्टँड टीपॉयवर आहे, लेन्स थोडी वर उचललीये.

कंदील: ८ भागिले १.३ म्हणजे जेमतेम ६ फूट. १० फूट येतंच कसं?

रेघोट्या: अहो, तुकड्यातुकड्याने करतोय. सांगायचं राहिलं.

गच्चीवाला: यावर गच्चीत मॅच दिसेल का? माझ्याकडे पॉवर बँक आहे.

कंदील: सूर्य मावळल्यावर दिसेल. पॉवर बँक ५ व्होल्टची असेल तर १२ व्होल्टचा प्रोजेक्टर चालूच होणार नाही. आता मूळ मुद्दा: रेघोट्या, चहाला जाताना प्रोजेक्टर बंद करता का?

रेघोट्या: हो, तापतो म्हणून.

कंदील: तिथेच घोळ. चालू होताना ऑटो कीस्टोन (तिरकं पडलेलं चित्र आपोआप चौकोनी करणारी सोय) चित्र नव्याने बसवतो, दरवेळी थोडं वेगळं. ऑटो कीस्टोन, ऑटोफोकस आणि अडथळा टाळण्याची सोय, तिन्ही बंद करा. टीपॉय काढून स्टूल घ्या, लेन्स भिंतीला काटकोनात. तिरकी असली की चित्र वर रुंद होतं, मग कीस्टोन पिक्सेल खातो. १० बाय ५.६ फुटांचे चार तुकडे पाडा, प्रत्येकी ६ बाय ३.४. आडवा २ फूट आणि उभा सव्वा फूट ओव्हरलॅप मिळतो. फाइलमध्येच प्रत्येक ओव्हरलॅपात दोन फुल्या टाका, त्या भिंतीवर चॉकने उतरवा आणि पुढचा तुकडा त्यांच्यावर बसवा.

चौकटराव: म्हणजे शेवटी चौकटीच!

चुनखडी: सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा, लेन्स तापेपर्यंत फोकस हलतो. गेरूवर नीट दिसायला फाइलमध्ये काळ्या पानावर पांढरी रेघ ठेवा. चॉक दाबू नका, भुकटीवर रंग धरत नाही. मधूनमधून लेन्ससमोर हात धरा, कुठली माणसं राहिली ते लगेच दिसतं.

रेघोट्या: ऑटो कीस्टोन चालूच होता. बंद केला. पण आधीचा अर्धा भाग आता जुळेना. पुसू?

कंदील: ओल्या फडक्याने नको, गेरू निघेल. कोरड्या ब्रशने झटका.