प्रति: भट्टीला जादा हीटर लावावा का?

डिह्युमिडिफायरवर (हवेतली ओल काढून घेणाऱ्या यंत्रावर) चालणारी, लाकूड वाळवायची छोटी भट्टी पावसाळ्यात 28-30 अंशांच्या वर जात नाही, म्हणून 2 किलोवॅटचा हीटर जोडू का, असं विचारलंय तुम्ही. जरूर जोडा, पण आधी दाराच्या फटी बुजवा. भट्टीच्या पत्र्याला आतून इन्सुलेशन नसेल तर जुलैतल्या पुण्यात सगळी ऊब बाहेरच जाणार.

हीटर फिनवाला (नळीवर पातळ पात्या असलेला) घ्या, पंख्याच्या झोतात बसवा, फळ्यांपासून लांब. पंखा थांबला की हीटर आपोआप बंद झालाच पाहिजे, आणि थर्मोस्टॅटशिवाय फार तापल्यावर वीज तोडणारा वेगळा कटआउटही हवाच. कोपऱ्यात साचलेला भुसा पेटायला वेळ लागत नाही, इथे काटकसर नको.

घरगुती डिह्युमिडिफायर साधारण 35 अंशांपर्यंतच धड चालतो, हे ध्यानात ठेवा. शिवाय हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता घसरते, म्हणजे लाकूड झपाट्याने सुकतं. ओल्या बाभळीला पहिल्याच दिवशी ताव दिलात तर वरचा थर आवळतो, आत पाणी तसंच राहतं आणि टोकांना चिरा पडतात. लाकडातली ओल 25 टक्क्यांखाली आल्यावरच हळूहळू तापमान चढवा.

आंब्याची फळी असेल तर शेवटी डिह्युमिडिफायर बाहेर काढून गाभा 56 अंशांवर किमान 30 मिनिटं ठेवा. लाकूड पोखरणारा भुंगेरा आणि त्याच्या अळ्या मरतात.