कलमं वाचताना पाठ, पेपरात गायब: उजळणी किती आणि कशी करायची?

हिरवी शाई:
राज्यसेवा पूर्वपरीक्षेला ७० दिवस उरलेत. राज्यघटनेची महत्त्वाची कलमं तीनदा वाचून झाली आहेत. पान उघडलं की सगळं ओळखीचं वाटतं, पण पुस्तक मिटलं की अध्यादेशाचं कलम १२३ राष्ट्रपतींचं की २१३, इथेच गाडी अडते. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊसच्या विसरण्याच्या आलेखाप्रमाणे २४ तासांत ६६ टक्के विसरायला होतं म्हणतात. मग रोज सगळंच वाचत बसायचं का? तेवढा वेळ तर नाही.

पाटीपेन्सिल:
आधी त्या ६६ टक्क्यांची भीती घालवू. एबिंगहाऊसने १८८५ साली दिलेले आकडे ‘किती आठवलं’ याचे नाहीतच. त्याने निरर्थक अक्षरगटांच्या याद्या स्वतः पाठ केल्या आणि काही काळाने त्याच पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती वेळ वाचतो ते मोजलं. २० मिनिटांनी बचत ५८ टक्के, एका दिवसाने ३४ आणि ३१ दिवसांनी २१. म्हणजे महिन्याने एक ओळ धड म्हणता आली नाही तरी पाचव्या हिश्श्याचे श्रम वाचतात. शिवाय तुमच्या कलमांना अर्थ आहे, त्याच्या अक्षरांना नव्हता. आलेखातून घ्यायचं ते एवढंच की घसरण सुरुवातीला जोरात होते आणि मग मंदावते. शिकवणीवाल्यांच्या पत्रकांतले टक्के सोडून द्या.

सांजपाठ:
खरी अडचण ‘ओळखीचं वाटतं’ या शब्दांत आहे. समोर दिसलेलं ओळखणं आणि काही न दिसता आठवून काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. पुन्हा पुन्हा वाचल्याने पहिलं सुधारतं आणि दुसरंही जमतंय असा भास होतो.

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने चित्र उलटलं: वाचणारे ४२, लिहिणारे ५६. म्हणून वाचून उठल्या उठल्या येणाऱ्या आत्मविश्वासावर विसंबू नका.

करायचं असं. कागदाच्या डाव्या बाजूला फक्त क्रमांक, उजवीकडे विषय, मधोमध घडी. क्रमांक पाहून उत्तर लिहा, मनात ‘हं, येतंय’ म्हणून पुढे जाऊ नका. सुचत नसेल तर निदान दहा सेकंद थांबा. पहिल्या सेकंदाला घडी उलटली तर ते पुन्हा वाचनच झालं. उत्तर मात्र लगेच तपासा, नाहीतर चुकीचंच घट्ट बसतं. नंतर तोच कागद उलट्या बाजूने: विषय पाहून क्रमांक. एका दमात चार-पाचच नवीन कलमं घ्या. एका वेळी मनात धरता येणारे घटक चारच्या आसपास असतात, असा मानसशास्त्रज्ञ कोवनचा २००१ चा निष्कर्ष आहे.

हिरवी शाई:
पण पूर्वपरीक्षेत चार पर्याय असतात. तिथे ओळखणंच पुरेसं नाही का?

सांजपाठ:
पर्याय अगदी वेगवेगळे असते तर पुरलं असतं. पेपर काढणारा १२३ च्या शेजारी २१३ ठेवतो आणि तुम्हाला दोन्ही ओळखीचे वाटतात. सराव करताना पर्यायांवर हात ठेवा, आधी उत्तर लिहा, मग हात काढा.

पाटीपेन्सिल:
१२३ आणि २१३ चा गोंधळ विसरण्यातून होत नाही. ‘अध्यादेश’ हा एकच धागा दोन आठवणींना बांधलाय, म्हणून ओढला की दोन्ही हलतात. क्षमादान ७२ आणि १६१, महान्यायवादी ७६ आणि महाधिवक्ता १६५ यांचं तेच. नुसतं घोकून हे सुटत नाही, फरक दाखवणारी खूण लागते. ती घटनेतच आहे: भाग ५, म्हणजे संघ, कलम ५२ ते १५१, भाग ६, म्हणजे राज्यं, १५२ ते २३७. १५१ ही वेस धरा. ७२, ७६, १२३ वेशीच्या अलीकडे, म्हणून केंद्राचे. १६१, १६५, २१३ पलीकडे, म्हणून राज्याचे. जोडीतली दोन्ही कलमं एकाच कागदावर समोरासमोर लिहा आणि स्वतःला फरकच विचारा.

ओलं जंगल:
वेळापत्रकाबद्दल. सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या प्रयोगात दोन अभ्यासांमधलं सर्वांत फायदेशीर अंतर परीक्षा किती लांब आहे त्यावर बदललं. परीक्षा आठवड्यावर असेल तर सुमारे १ दिवस, ३५ दिवसांवर असेल तर ११, ७० दिवसांवर असेल तर २१. रोज सगळं उजळणं म्हणूनच तोट्याचं. त्यावर बेतून मी असं सुचवेन: आज पाठ केलेला गट उद्या एकदा, फक्त चुका पकडायला, मग अकराव्या दिवशी, मग बत्तिसाव्या. ज्या कलमाला चुकाल त्यावर फुली मारून ते उद्याच्या गट्ठ्यात टाका, बरोबर आलेली पुढे ढकला. अकराव्या दिवशी आठवायला त्रास होईल, ते अपेक्षितच आहे. तेव्हा घाबरून पुन्हा रोज वाचायला लागू नका.

रात्रीची झोपही कापू नका. जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी १९२४ मध्येच दाखवलं होतं की पाठ केल्यावर झोपलं, तर तितकेच तास जागं राहण्यापेक्षा विसरणं कमी होतं.